समुद्राला काढून दिलेला चर

आमच्याकडे मुलगी द्यायच्या आधी घर पाहायला जातात. मी आजवर पुतण्या-भाच्यांसाठी अशी सहा-सात घरं पाहिली आहेत आणि या कामात माझा हात धरणारा आमच्या नात्यात कोणी नाही, असा माझा पक्का समज होता. आधी विहिरीत डोकावायचं. मग गोठ्यात जाऊन बैलाच्या पाठीवरून हात फिरवायचा. बैल पोसलेला असेल तर सूनही उपाशी राहत नाही. मग शेताच्या धुऱ्यावर उकिडवं बसून मातीचं ढेकूळ हातात फोडायचं आणि काहीतरी कळल्यासारखी मान हलवायची. निघताना हो की नाही ते बोलायचं नाही, नुसतं 'कळवतो' म्हणायचं. त्या एका शब्दात फार रुबाब असतो.

गेल्या हिवाळ्यात मी याच पद्धतीने समुद्र पाहायला गेलो.

झालं असं की आमची मुलगी शेतीचं शिकली आणि कोकणात, एका खाडीकाठच्या उद्यानात, रोपवाटिकेत सहा महिन्यांसाठी लागली. तिथे कांदळवनाची रोपं तयार करतात, म्हणजे खाऱ्या चिखलात उगवणारी झाडं. ज्या जमिनीत काही पिकत नाही तिथे मुद्दाम झाडं लावायची, हे मला पहिल्यापासून पटलं नव्हतं. सहा महिने संपत आले आणि तिथल्या लोकांनी तिला कायमचं राहायला विचारलं. तिचा फोन आला. "बाबा, तुमी अन् आई इकडे या. दोन दिवस तंबूत राहू, सारं पाहून घ्या. मंग तुमी म्हणाल तसं."

मी काय म्हणणार हे मी फोन ठेवायच्या आतच ठरवलं होतं. चारचौघांत सांगायला कारणं भरपूर होती. मुलीची जात, एकटी, दोन गाड्या आणि एक बस बदलावी लागते, मधेच ताप आला तर कोण पाहील. खरं कारण वेगळं होतं. वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेत माझं ताडपत्री, दोर आणि फवारणी पंपांचं दुकान आहे. कॉलेजात असताना ती संध्याकाळी गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसायची आणि औषध घ्यायला आलेल्या शेतकऱ्याला, हे नका मारू, याची गरज नाही, असं सांगून माझं गिऱ्हाईक परत पाठवायची. मी चिडायचो. ती गेल्यावर मला चिडायला कोणी उरलं नाही. स्टूल तसंच ठेवलं होतं आणि त्यावर कोणी बसलं की मी उठवायचो. तिला परत आणायचं, एवढाच माझा बेत होता. घर पाहणं हा नुसता देखावा.

जाताना मी वीस लिटरची पाण्याची कॅन घेतली. समुद्र म्हणजे खारं पाणी, एवढं ज्ञान मला होतं. पोळ्या, ठेचा, भाजलेलं पीठ, कांदे. आणि अठरा बाय चोवीसची ताडपत्री. बायको म्हणाली, "तिथं तंबू हायेत ना? हे कायले वाहून राह्यले?" पंचवीस वर्षं ताडपत्री विकणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या कापडाखाली झोपायचं, ही कल्पनाच मला सहन होईना. दोन्ही गाड्यांत ती ताडपत्री माझ्या बर्थवर झोपली आणि मी तिच्या पायथ्याशी बसून आलो.

सकाळी सातला आम्ही पोचलो. मुलगी गेटवरच उभी होती. काळी पडली होती, वाळली होती, आणि खूप हसत होती. ते हसणं मला अजिबात आवडलं नाही.

मी तपासणी सुरू केली. नळाचं पाणी चाखलं, किंचित मचूळ. मी बायकोकडे अर्थपूर्ण पाहिलं. माती म्हणजे नुसती वाळू, ढेकूळ म्हणून काही प्रकारच नाही, फोडायचं काय? गुरं नव्हती. शेजारी म्हणावं तर खेकडे, आणि तेही तिरपे चालणारे. माणसं सरळ, पण माझ्या 'आमच्याकडे असं नसतं' या वाक्याला नुसतं हसून पुढे जाणारी. बायकोने माझ्यासोबत दहा पावलं टाकली, मग चपला काढल्या आणि सरळ पाण्यात जाऊन उभी राहिली. मी हाका मारल्या. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, माझी हाक इतकी फुकट कधी गेली नव्हती.

उद्यानाचे तंबू सुरूच्या झाडांखाली, उंचावर लावलेले होते. मी बोटांनी कापड चोळून पाहिलं. एका चांगल्या वाऱ्या-वावधानात उडेल असा माल. मुलगी म्हणाली, "बाबा, हेच्यातच राह्यजा. मी एक वाजेपर्यंत रोपवाटिकेत हाओ. अन् तिकडं खाली नोका जाऊ. आज पुनव आहे, उधाण येते."

"पुनव हाय तं बरंच हाय," मी म्हणालो. "उजेड राहीन."

तिने माझ्याकडे क्षणभर पाहिलं. तिला घाई होती म्हणून ती गेली. आता कळतं, तिथेच तिने मला एखाद्या झाडाला बांधून जायला हवं होतं.

कारण खाली, दलदलीच्या कडेला, मला जागा सापडली होती. सपाट, घट्ट, जरा ओलसर, वखरून ठेवलेल्या रानासारखी. एक काडी नाही, दगड नाही. इतकी चांगली जागा सोडून ही माणसं वरच्या उतारावर सुरूच्या काड्यांत झोपतात, याचं मला हसू आलं. ती जागा इतकी सपाट आणि स्वच्छ कोण ठेवतं, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. उद्यानाचा रखवालदार चहाला गेला होता. तेवढ्यात मी बांबू मागून आणले, खुंट्या ठोकल्या, दोर ताणले आणि ताडपत्री अशी चढवली की वाऱ्याने टाळी वाजवून दाखवावी.

आणि मग मी चर काढला.

वडनेरच्या आमच्या शेतात कापसाचा ढीग झाकला की त्याभोवती चर काढायचा, आणि तो उताराकडे सोडायचा, म्हणजे पावसाचं पाणी ढिगात न शिरता वाहून जातं. हे माझ्या बापाने मला शिकवलं. मी फावडं मिळवलं, तंबूच्या तिन्ही बाजूंनी वीतभर खोल चर ओढला आणि नीट डोळा लावून, सरळ रेषेत, तो खाडीच्या नाल्याला नेऊन मिळवला. आभाळ निळंशार होतं. पाऊस येणार नाही हे मला दिसत होतं, पण काम कसं शिस्तीत असावं. बायको पाण्यातून परत आली तेव्हा मी फावड्यावर रेलून उभा होतो. "पाह्य," मी म्हणालो, "याले म्हणतात मुक्काम."

अकराला जेवलो. ठेचा, कांदा, पोळी. पोळीत थोडी वाळू होती, पण मी काही बोललो नाही, कारण ती माझ्याच फावड्याने उडालेली होती. मग सतरंजी टाकली आणि आडवा झालो. प्रवासाची झोप होती, ताबडतोब लागली.

आमच्याकडे पाणी येतं तेव्हा सांगून येतं. ढग जमतात, वीज चमकते, नदी असेल तर आधी आवाज येतो. पाणी वरून येतं, नाहीतर वरच्या गावाकडून. भर दुपारी, लख्ख उन्हात, एक थेंब न पडता, आवाज न करता, खालून वर पाणी चढतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण अंगाने माहीत नव्हतं, आणि माणूस जागा निवडतो ती अंगातल्या माहितीवर.

"ताडपत्रीवाले," बायकोचा आवाज आला, "उठा. घरात पाणी आलं."

मी डोळे उघडले तेव्हा सतरंजी पाठीखालून निघाली होती. पाणी आलं होतं ते माझ्याच चरातून. आजूबाजूचं रान अजून कोरडं होतं; फक्त आम्हीच भिजत होतो. समुद्राला कुठून आत जावं असा प्रश्न पडला असता, तर मी त्याला फावड्याने, डोळा लावून, सरळ वाट काढून दिली होती. पीठ गेलं, कांदे तरंगायला लागले. बायको पिशव्या घेऊन वर पळाली. मी ताडपत्रीचे दोर सोडवत होतो, तेवढ्यात पाण्याची कॅन हलली, आडवी झाली आणि नाल्याकडे निघाली.

वर्ध्याहून आणलेलं पाणी. मी तिच्या मागे धावलो.

"तिकडं जाऊ नोका!" बायको वरून ओरडली.

"चिखल मले शिकवू नको," मी म्हणालो. जन्म काळ्या मातीत गेला होता. आमच्या चिखलात पाय रुततो, चप्पल तिथेच राहते, आणि माणूस जोर लावून पाय उपटून पुढे जातो. इथे मी पहिला पाय उपटायला जोर लावला तर दुसरा मांडीपर्यंत गेला. तो उपटायला गेलो तर पहिला पुन्हा गेला. चार वेळा मी माझं कौशल्य दाखवलं आणि कमरेपर्यंत पोचलो. कॅन मजेत तरंगत पुढच्या वळणाला गेली. पाणी पोटाला लागलं, आणि ते वाढत होतं. तेव्हा मला भीती वाटली. उगाच सजवून सांगत नाही, मी आईला हाक मारली, आणि माझी आई जाऊन दहा वर्षं झाली आहेत.

बायकोच्या आरडाओरड्याने मुलगी पळत आली. तिच्या हातात रोपांच्या वाफ्यावरच्या दोन फळ्या होत्या. ती कडेला थांबली नाही. एक फळी टाकली, तिच्यावर पालथी झाली आणि सरपटत माझ्याजवळ आली. "बाबा, हालू नोका. आता बसा."

"चिखलात बसू?"

"हाव. बसा. मांगं टेका, खाटेवर पडल्यासारखं. मी धरलं तुमाले."

मी आयुष्यात तिचं कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी मागे टेकलो. दुसरी फळी तिने माझ्या पाठीखाली सरकवली आणि म्हणाली, आता एक पाय, हळू, नुसता हलवा, ओढू नका. तिचा आवाज शांत होता. माझ्या काखेत घातलेला तिचा हात सुटत नव्हता. कितीतरी वेळाने मी बाहेर आलो. चप्पल तर गेलीच, पँटचा पट्टाही खाडीने ठेवून घेतला. काठावर चार पर्यटक उभे होते. त्यातल्या एकाने फोन वर धरला होता. अठरा बाय चोवीसची ताडपत्री पाण्यावर पसरली होती आणि तिच्यावर एक बगळा येऊन बसला होता.

मी नळाखाली बसून अंग धुतलं.   संध्याकाळी मुलगी आम्हाला तिने लावलेल्या रोपांकडे घेऊन गेली. चिखलात ओळीने उभी, हातभर उंचीची. ओहोटी लागली होती, पाणी त्यांच्या डोक्यावरून उतरलं होतं आणि सगळी जागेवर होती. मी ओळ डोळ्याने तपासली. सरळ होती. तरीही मी तोंडाने काही म्हणालो नाही. 'कळवतो' म्हणायची सवय जिभेतून लवकर जात नाही.

रात्री आम्ही त्यांच्या तंबूत झोपलो. कापड चांगलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारची बस होती. सकाळी मुलगी रोपांना पाहायला गेली आणि मी पंचा घ्यायला तिच्या खोलीत गेलो. लहानशी खोली, एक खाट, भिंतीला खिळे. खिळ्यांवर काहीच नव्हतं. खाटेखाली तिची मोठी बॅग होती, चेन लावलेली, गच्च भरलेली. चादरीची घडी वर ठेवलेली. आरसासुद्धा उतरवून कागदात गुंडाळला होता.

ती दारात आली. मी विचारलं, "हे काय होय?"

"भरून ठेवली होती," ती म्हणाली. "तुमी यायच्या आधीच. तुमी नाई म्हणाल हे मले माहीत होतं. मंग ऐनवेळी घाई नोको."

तिच्या आवाजात राग नव्हता. मी राग शोधला, कारण रागावर मला उत्तर देता येतं. मी वर्ध्याहून निघताना भांडणाची तयारी करून आलो होतो. ती हट्ट करेल, रडेल, आईला पुढे करेल, मग मी बाप म्हणून काय काय बोलेन. तिने भांडण ठेवलंच नव्हतं. काल मला चिखलातून ओढून काढतानाही ही बॅग भरलेलीच होती. माझ्या तोंडून अजून न निघालेला शब्द तिने आधीच पाळला होता. मला तिथल्या तिथे लाज वाटली, चिखलात वाटली त्याहून जास्त.

 मी खाली बसलो, बॅग ओढली आणि चेन उघडली. वरचा कुर्ता काढून खिळ्याला अडकवला. मग दुसरा. मग ओढणी. ती आधी नुसती पाहत राहिली. मग वळून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, आणि तिचे खांदे हलायला लागले. बायको आत आली, तिने बॅग पाहिली, मला पाहिलं, आणि आरशाचा कागद सोडायला घेतला.

"एका खिळ्याले तीन कपडे टांगते का कोणी?" ती मला म्हणाली. "सरका तिकडं."

मी सरकलो आणि पुढचा कपडा तिच्या हातात दिला.