ओठ नसलेला आवाज

पप्पांशी मी लहानपणापासून आवाज न काढता बोलते. नारपोलीत ज्या कारखान्यात ते कापड विणायचे लूम चालवायचे, तिथे सगळेच असं बोलायचे. वीस-बावीस लूम एकदम सुरू असले की शेजारच्याचं ओरडणंही ऐकू येत नाही, म्हणून ओठ नीट हलवायचे आणि समोरच्याने ते वाचायचे. ती सवय पप्पांनी घरी आणली. पुढे हळूहळू त्यांचे कान गेले तेव्हा आम्हाला नवीन काही शिकावं लागलं नाही. माझा आवाज मात्र बाहेरही फुटला नाही. इंग्लिश मीडियमच्या शाळेत उत्तर येत असूनही मी हात वर करत नसे.

शेठने लूम भंगारात काढले आणि पप्पा घरी बसले. मम्मी दवाखान्यात आयाचं काम करते, तेवढ्यावर चाललं होतं. चार महिन्यांनी त्यांच्याबरोबर लूम चालवणारे एक चाचा आले. ते जवळच्या पूर्णा गावातल्या एका गोडाऊनमध्ये लागले होते. लोकांनी ऑनलाइन मागवून परत पाठवलेले कपडे तिथे येतात. ते उलगडून डाग, निसटलेला धागा, फाटलेली शिवण शोधायची, असं काम.

"तेरी नजर का काम है," चाचा ओठ ताणून म्हणाले. "एक जागा आहे. फक्त वेबसाइटवर इंटरव्ह्यू द्यायचा. समोर माणूस नसतो, मशीन असते."

"मशीनसंगती तीस वर्सं काढली," पप्पा नेहमीसारखे मोठ्याने म्हणाले. "हिच्यासंगती धा मिंटं न्हाय निघनार?"

"लूमला तू लाथ मारायचास तर चालायचा. हिला मारलीस तर पोरीचा मोबाइल फुटेल."

पप्पा हसले. बऱ्याच दिवसांनी.

भरतीचं काम गोडाऊनने एका सॉफ्टवेअर कंपनीला दिलं होतं. तिच्या वेबसाइटच्या पहिल्याच पानावर हसणाऱ्या कामगारांचा फोटो होता. भाषा मराठी निवडली तर वरची चार बटणं मराठी झाली, बाकी सगळं इंग्रजीच राहिलं. अक्षरं पांढऱ्यावर फिकट राखाडी. जन्मतारखेचं कॅलेंडर चालू महिन्यावर उघडायचं आणि साल निवडायची सोय नव्हती. पप्पांच्या जन्मापर्यंत मी एकेक महिना मागे ढकलत गेले. मध्येच पान आपोआप रिफ्रेश झालं आणि पुन्हा पहिल्यापासून. माझं इंग्रजी चांगलं आहे, डोळे चांगले आहेत, तरी अर्ज भरायला मला अख्खी दुपार लागली.

शेवटचा प्रश्न होता, तुम्हाला काही अपंगत्व आहे का? मी तो पप्पांना ओठांनी सांगितला.

"न्हाय लिही."

माझं बोट 'हो' आणि 'नाही'च्या मधे थांबलं.

"न्हाय म्हंजे न्हाय. बहिरा म्हटल्यावर कोन दारात उभा करील?"

मी 'नाही'वर बोट ठेवलं. ते म्हणाले म्हणून ठेवलं, असं मी पुढे स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मलाही तेच वाटत होतं.

मुलाखतीला आम्ही शुक्रवार निवडला. शुक्रवारी गल्लीतले कारखाने बंद असतात. पप्पांनी दाढी केली, मी मोबाइल डब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर एक निळं वर्तुळ आलं आणि त्यातून बाईचा आवाज बोलू लागला. चेहरा नव्हता, लिहिलेला प्रश्नही नव्हता. पप्पा त्या वर्तुळाकडे बघत राहिले. त्याला ओठ नव्हते. कोपऱ्यात तीस सेकंद उलटे मोजले जात होते.

मी मोबाइलच्या मागे जाऊन बसले आणि ऐकलेला प्रश्न ओठांनी सांगू लागले. आवाज काढला नाही, त्यामुळे ही फसवणूक आहे असं मला वाटलं नाही. आमच्या घरात बोलणं म्हणजे हेच. पप्पांनी डोकं जरा वर करून माझं तोंड वाचलं आणि उत्तर दिलं. कपड्यातला दोष कसा ओळखाल? "उजेडासमोर धरायचा. ताना तुटलेला असला तर उभी रेघ दिसते, बाना सुटला तर आडवी. डोळ्याला न्हाय दिसलं तर बोटाला लागतं." ते बोटं हवेत फिरवून दाखवत होते. त्यांना एवढं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. चार प्रश्न झाले. पाचव्याला पडदा लाल झाला. उमेदवाराची नजर वारंवार पडद्याबाहेर जात आहे, दुसऱ्या व्यक्तीची मदत घेतल्याचं आढळलं आहे, मुलाखत रद्द.

"काय म्हनतंय?" पप्पांनी विचारलं. "पास?"

"नेट गेलं," मी म्हणाले.

नंतर मी ती वेबसाइट कानाकोपऱ्यापर्यंत वाचली. अगदी तळाला, आणखी बारीक अक्षरांत एक पान होतं. अपंगत्वाला 'हो' म्हटलेल्यांना प्रश्न लिहून दिसतात आणि वेळ दुप्पट मिळतो. हे त्या प्रश्नाशेजारी कुठेही लिहिलेलं नव्हतं. मी तिथल्या तक्रारीच्या फॉर्ममध्ये सगळं खरं लिहिलं, पप्पांना न सांगता. अक्षरांची मर्यादा संपली म्हणून ते निम्म्यावर कापलं गेलं. कान गेल्याचं वाक्य कापलेल्या भागात होतं.

तीन दिवसांनी त्या कंपनीतून फोन आला. पलीकडे माझ्याच वयाची वाटणारी मुलगी होती.

"मॅडम, मला उमेदवाराशीच बोलावं लागेल."

"ते... मॅडम, मी त्यांची मुलगी..."

"नियम आहे मॅडम. त्यांना द्या ना प्लीज."

पप्पा समोरच उभे होते. फोन कुठला, ते माझ्या ओठांवरून त्यांना कळलंच होतं. 'कानाचं सांगू नकोस' अशी मान हलवून त्यांनी माझ्या हातातला फोन घेतला, कानाला लावला आणि खिडकीकडे तोंड करून... नाही, माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. माझ्या फोनचा आवाज मोठा असतो. मला सगळं ऐकू येत होतं.

"सर, मुलाखतीत दुसरी व्यक्ती होती का?"

"हां मॅडम. बरोबर."

"मग पुन्हा मुलाखत द्यायची असेल तर वेगळी विनंती करावी लागेल. ती करू, की अर्ज बंद करू?"

"हां, हां. चालेल."

"बंद करू ना सर?"

"हां मॅडम. थँक्यू."

मी त्यांचा दंड धरला. त्यांनी खांदा झटकून सोडवून घेतला. मी ओरडले असते तर पप्पांना ऐकू गेलं नसतं, पण त्या मुलीला गेलं असतं. फोन ठेवेपर्यंत मधे बराच वेळ होता. मी ओरडले नाही.

"चांगली पोरगी हाय," पप्पा फोन परत देत म्हणाले. "तुझ्यावानी हळू बोलते."

'काय म्हणाली?' मी ओठांनी विचारलं.

"बोलावतील म्हनली."

दहा मिनिटांत मेल आला. अर्जदाराच्या स्वतःच्या विनंतीवरून अर्ज बंद करण्यात आला आहे.

संध्याकाळी मम्मी ड्युटीवरून आली तेव्हा पप्पांनी तिला चहासुद्धा पिऊ दिला नाही. "पूर्नाला बोलावनार हायेत. तो निळा शर्ट कुठं हाय?" ते कपाटात डोकं घालून शर्ट शोधू लागले. मम्मीने माझ्याकडे पाहिलं. त्यांची पाठ आमच्याकडे होती.

"अर्ज बंद झाला," मी आवाज काढून म्हणाले. "त्यांनीच हो म्हटलं. त्यांना माहीत नाही."

पप्पा शर्ट घेऊन वळले, कॉलर दाखवत म्हणाले, "चुरगळलाय बघ."

मम्मीने तो घेतला. इस्त्रीचा प्लग लावला आणि जमिनीवर चादर अंथरली.