तांब्यावरचा वेइट

जुन्या काळच्या जर्मनीत, न्यूर्नबर्गच्या वेइट क्रेलरने जन्मभर बड्या लोकांच्या कॉलरींना काळी फर लावली आणि स्वतः मेंढीचं कातडं पांघरलं. कुणी काय अंगावर घालायचं ते नगरसभा ठरवायची, आणि चुकलं की दंड. म्हणून चाळिशी उलटल्यावर या गृहस्थाने एंद्रेस नावाच्या कोरणाऱ्याकडून तांब्याच्या पत्र्यावर आपली छबी कोरून घेतली, आणि तीत ऐटीत काळ्या फरची कॉलर घातली. कागदावरच्या फरला कोण दंड करणार!

त्या पत्र्यावरून छापलेले सगळे कागद त्याने मोठमोठ्या घरी वाटले. त्या घरांत कधीतरी आपल्याला बसायला खुर्ची मिळेल, एवढीच त्याची भाबडी आशा.

"अहो, एक तरी घरी ठेवा," बायको अपोलोनिया म्हणाली.

"तुला कशाला गं कागद? मी अख्खा बसलोय की समोर!"

पुढच्या हिवाळ्यात तो तापाने गेला. वर्ष सरलं तसा त्याचा चेहरा तिला नीट आठवेना, आणि ती घाबरली. त्या मोठ्या घरांच्या मागच्या दारांशी जाऊन तिने तो कागद मागितला. बहुतेकांना वेइटच आठवत नव्हता. एक मोलकरीण तेवढी म्हणाली, "तो फरवाला होय? मालकिणीने खणात अंथरला होता, चमच्यांखाली. साफसफाईत चुलीत गेला."

शेवटी ती एंद्रेसकडे गेली. "मास्तर, पत्रा आहे ना? एकच कागद काढून द्या."

एंद्रेसने हातातली कोरणी खाली ठेवली. "बाई, तांबं महाग. सभेतल्या एका बड्या असामीला घाईने छबी हवी होती. कॉलर तयार, अंगही तसंच भरलेलं. मी फक्त तोंड घासून तिथे त्यांचं कोरलं हो."

त्याने एक कागद तिच्या हातात दिला. फरच्या कॉलरवर कुणी परका, फुगलेल्या गालांचा. खाली मात्र हात वेइटचेच, सुईने चिरलेल्या अंगठ्याच्या नखासकट. अपोलोनिया तिथेच खाली बसून रडली.

तिने तो कागद भिंतीला लावला. शेजारीण हसली, "काय गं, बड्यांचा एवढा पुळका? सूप पाठवतात वाटतं तुला!"

शेजारीण गेली की अपोलोनिया त्या परक्या तोंडावर तळहात ठेवायची आणि हातांकडे बघत वेइटचा चेहरा आठवायची. पहिली काही वर्षं तो डोळ्यांसमोर यायचा.