पेपर संपेपर्यंत उठायचं नाही

बूट पॉलिशचा वास आला की मला अजून गणिताचा पेपर आठवतो. अकरावीला सगळे सांगत होते, गणित आणि बायोलॉजी दोन्ही घेऊ नकोस, झेपायचं नाही. मी हट्टानं दोन्ही घेतले आणि बारावीत इंटिग्रेशननं रडवलं. तेव्हा फौजेतले पप्पा सुट्टीवर कोरेगावला आले होते. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, म्हणून ते सुपरवायझर झाले. रोज सकाळी माझ्यापुढं जुना पेपर ठेवायचे, मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवायचे आणि दारात ट्रंकेवर बसून बुटांना पॉलिश करायचे. "येळ संपंस्तोवर उठायचं न्हाई," एवढाच त्यांचा नियम. सुट्टी संपली त्या दिवशी गाडी लवकर आली, माझा पेपर निम्माच झाला होता. बाहेरून आईनं हाक मारली, "अगं, पप्पा निघालं, दही दे हातावर." मी उठायला लागले तसे ते दारातूनच म्हणाले, "बस, बस. येळ संपला न्हाई अजून." आणि मी बसले. नियमाचं निमित्त झालं. एक अवघड गणित नेमकं तेव्हाच सुटत होतं आणि मलाच उठायचं नव्हतं. मान वर केली तेव्हा दार रिकामं होतं, घड्याळ टेबलावरच राहिलं होतं. आता पप्पा रिटायर होऊन घरीच असतात. मी गावी जाऊन लॅपटॉप उघडला की ते टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघत बसतात. मी म्हणते, "पप्पा, बोला की." ते म्हणतात, "हूं दे तुझं आधी."