विमान म्हणजे मोठा कूलर

डोळेमिटे सर पेशंटच्या आधी स्वतः झोपत, ही गोष्ट आमच्याकडे सगळे हसत हसत सांगतात. गोष्ट खरी आहे. मी स्वतः पाहिलं आहे. "श्वास घ्या... सोडा... पापण्या जड होऊन राहिल्या..." असं म्हणता म्हणता त्यांचा आवाज बारीक होई, हनुवटी छातीला टेके, आणि आपण एक डोळा किलकिला करून पाहावं तर सर खुर्चीत मंद घोरत असत. मग दचकून जागे होत आणि जराही न लाजता म्हणत, "मी झोपलो नाही गा. तुमच्यासाठी पुढचा रस्ता पाहून आलो."

लोक गोष्टीला एक शेपूटही लावतात: 'सगळी बनवाबनवी हो!' हे शेपूट खोटं आहे. ते लावण्यात माझाही हात होता आणि तो मला बरीच वर्षं टोचतो आहे. आता वय असं झालं आहे की टोचणी सोबत घेऊन जाण्यापेक्षा इथेच ठेवून गेलेली बरी.

डोळेमिटे हे अर्थात आडनाव नव्हे. सकाळी तलावाकाठी फिरणाऱ्या आमच्या म्हाताऱ्यांच्या गटाने ठेवलेलं ते नाव. सर कॉलेजात मानसशास्त्र शिकवत. निवृत्तीनंतर त्यांनी संमोहनाचं रीतसर शिक्षण घेतलं आणि सीताबर्डीच्या मागच्या गल्लीत, राहत्या घरातच एका खोलीत लोकांची भीती काढायला बसले. गटात त्यांची सर्वांत जास्त टिंगल करायचे देशकर. बँकेतले मोठे साहेब होते. सर समोरून आले की देशकर मोठ्यांदा म्हणत, "अरे, चष्मे सांभाळा, झोपवणारे आले!" सरही थांबून म्हणत, "देशकरभाऊ, तुम्हाले झोपवाची गरजच नाही, तुम्ही तं बँकेत तीस वर्षं झोपूनच होते." आणि पुढे चालू लागत.

माझी भीती विमानाची. त्यातली गंमत अशी की माझं घर सोनेगावकडे, विमानतळाच्या अगदी अंगणात. उतरणारं विमान आमच्या गच्चीवरून इतकं खालून जातं की वाळत घातलेले पापड हलतात. जन्मभर विमानांच्या पोटाखाली राहिलो, पण पोटात शिरायची वेळ आली की हातपाय गार. नोकरीत असताना एकदा साहेबांबरोबर मुंबईला निघालो होतो. आत बसताच कसलीशी घरघर सुरू झाली, आणि मी छातीत दुखतंय असं सांगून दार बंद व्हायच्या आत उतरलो. साहेब एकटे गेले. त्यानंतर मी 'रेल्वेत देश दिसतो' असं सगळ्यांना सांगू लागलो.

पण ऑकलंडला रेल्वे जात नाही. माझी एकुलती एक मुलगी मनू तिथे नोकरीला, आणि लग्नही तिथेच ठरलं, कारण मुलाच्या आईला चाकाच्या खुर्चीतून इकडे येणं अशक्य होतं. मनूला माझं सगळं माहीत. ती फोनवर म्हणाली, "बाबा, जीव नका खाऊ स्वतःचा. नाहीच जमलं तर व्हिडिओवर अक्षता टाका." ती समजूतदारपणे म्हणाली म्हणूनच जास्त लागलं. फोन ठेवल्यावर माझी बायको, सुमन, एवढंच म्हणाली, "पोरीच्या लग्नात बाप मोबाइलमधून दिसणार. छान." आणि भाजी चिरायला बसली. त्या दिवशी भाजी फार बारीक चिरली गेली.

दुसऱ्या दिवशी टोपी डोळ्यांवर ओढून मी सरांच्या गल्लीत शिरलो. कोणी पाहू नये म्हणून आधी शेजारच्या दुकानात उगाच पडद्याचं कापड पाहिलं.

सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही काहून भेता गा? विमान तुम्ही चालवून राहिले काय?"

"नाही."

"मंग चालवणाऱ्याले भिऊ द्या ना. तुमचं काम बसून राहाचं."

दुसरे संमोहनवाले म्हणे डोळे मिटवून माणसाला समुद्रकिनारी नेतात. सरांना ते मान्य नव्हतं. "आपल्याकडं समुद्र कोणी पाह्यला? समुद्र म्हटलं की माणूस सुट्टी आणि रिझर्वेशनचा विचार करते." ते आपल्या पेशंटला खाप्याला नेत, कन्हान नदीच्या काठी, त्यांच्या मामांच्या संत्र्याच्या बागेत. झाडाखाली बाज टाकून देत. बागेत बहर कुठला धरला आहे, पाटात पाणी किती आहे, सगळं इतकं नीट सांगत की भीती राहायची बाजूला आणि मला मामांच्या बागेची काळजी लागायची.

पण बाजेवर पडूनही विमानाचा आवाज म्हटला की माझे तळवे घामेजत. दिवस मे महिन्याचे होते. सरांच्या खोलीत एक जुना, ओबडधोबड लोखंडी कूलर होता. एके दुपारी सरांनी उठून त्याचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. खोलीभर घरघराट झाला, ओल्या वाळ्याचा वास पसरला.

सर ओरडून म्हणाले, "हा आवाज कशाचा?"

"कूलरचा!"

"भेव वाटते?"

"छे! झोप येते."

"लहानपणापासून येते ना? मंग विमानबी तसंच घरघरते, आणि आतमधे थंडी हवा येते. कूलर नाही तं काय आहे ते? विमान म्हणजे मोठा कूलर!"

मी हसलो. पण त्या दिवसापासून रोज दुपारी डोळे मिटायचे, कूलर घरघरायचा, आणि सर हळूहळू तो कूलर मोठा करत न्यायचे. एवढा, की मी त्याच्या आत खिडकीशेजारी बसलेला असे. डोळे उघडले की बाजूला चहाचा कप आयता ठेवलेला असे. घरी गच्चीवर सराव. विमान आलं की डोळे मिटायचे आणि वाळ्याचा वास आठवायचा. शेजारीण सुमनला म्हणाली, "काकू, काका विमानाले नमस्कार करून राहिले काय?"

औषध लागू पडलं, जरा जास्तच. भाच्याच्या साखरपुड्यात मला मानाने कूलरसमोरच्या खुर्चीत बसवलं आणि मी मांडीवर नारळ घेऊन असा गाढ झोपलो की मुलीकडच्यांना वाटलं, यांना स्थळ पसंत नाही. सर म्हणाले, "डोस जास्त झाला. आता शिकू, की कूलरपुढं जागं राहाचं आणि विमानात झोपाचं." तेवढ्यासाठी पुन्हा खाप्याला जावं लागलं.

निघायच्या आदल्या दिवशी मी विचारलं, "सर, भीती पुरती जाईल ना?"

"भेव कुठं जात नाही. त्याले बसाले बाजूची जागा द्या, म्हणजे ते मांडीवर येत नाही."

तसंच झालं. घरघराट वाढला तेव्हा तळवे ओले झाले. मी डोळे मिटले. वाळ्याचा वास आला, खरोखर आला. विमान जमीन सोडून वर निघालं तेव्हा सुमन माझा हात धरायला वळली, तर मी घोरत होतो. मनूच्या डोक्यावर अक्षता मी माझ्या हातांनी टाकल्या. मुलाच्या आईंच्या खुर्चीशेजारी उभा राहून.

परत आलो. सकाळी गटात देशकरांनीच विचारलं, "काय हो, विमानात बसले कसे?" सगळे माझ्याकडे पाहत होते. संमोहन म्हटलं असतं तर माझंही काही नाव पडलं असतं. मी म्हणालो, "आमच्या डॉक्टरांनी एक गोळी दिली होती."

मागे पाहतो तर सर उभे. त्यांनी ऐकलं होतं. फार गंभीर चेहरा करून म्हणाले, "कोणती गोळी गा? नाव सांगून ठेवा, माझ्या पेशंटायले देतो." आणि हात मागे बांधून तलावाकडे चालू लागले. पुढे ते भेटले की मनूची चौकशी करत. गोळीची कधीच केली नाही. उद्या गटात खरं सांगू, असं मी रोज ठरवत राहिलो.

गेल्या हिवाळ्यात सर झोपेतच गेले. तलावाकाठी कोणीतरी म्हणालं, "या वेळी पेशंटनं उठवलंच नाही वाटतं." दोघे-तिघे हसले. मला हसता आलं नाही.

रविवारी सगळा गट त्यांच्या घरी भेटायला गेला. वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, भिंतीला टेकून बसल्या होत्या. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मी उभा राहिलो. भेटायला गेलेल्या घरात कोणी असा उभा राहत नाही, पण बसून मला ते बोलता आलं नसतं.

"वहिनी, मी सगळ्यांना सांगितलं होतं की गोळी घेऊन विमानात बसलो. गोळीबिळी काही नव्हती. सरांनी बसवलं. पोरीच्या लग्नाला मी त्यांच्यामुळे पोचलो."

मग कोपऱ्यातून देशकरांचा आवाज आला, अगदी बारीक.

"माझी पाल."

"काय?"

"मी पालीले भेत होतो. आंघोळीले जात नव्हतो घरी. सरांनी घालवलं."

त्यांच्या शेजारच्यांनी घसा साफ केला. त्यांची लिफ्ट होती. दाराजवळच्यांचं लोकांसमोर बोलणं. एकेकाचा खाप्याचा पत्ता निघू लागला आणि ज्या माणसाला आम्ही रोज तलावाकाठी हसत होतो, त्याच्याच मामांच्या बागेत आम्ही सगळे आपापली बाज टाकून पडून आलो होतो, हे एकमेकांकडे पाहत आम्हाला कळत गेलं.

वहिनी कधी उठून आत गेल्या ते कळलंच नाही. त्या ट्रे घेऊन आल्या आणि कोणाला काहीही न विचारता कप वाटू लागल्या. "देशकरभाऊ, तुमचा बिनसाखरेचा. तुमच्यात अद्रक नाही टाकलं. हा तुमचा, बिनदुधाचा." माझ्या हातात आला तो कडक, भरपूर साखरेचा. अगदी हवा तसा.

"वहिनी," मी म्हणालो, "म्हणजे तुम्हाला सगळ्यांचं माहीत होतं?"

"मले काहून माहीत नसन?" वहिनी पदराने डोळे पुसत हसल्या. "डोळे तं तुमचे मिटलेले राहत होते, भाऊ. माझे थोडीच!"