पश्चिमेच्या भिंतीवरचं घुबड

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. शेंद्र्याच्या पलीकडं एका दगडाच्या खदानीवर मी देखरेखीचं काम करत होते. डिप्लोमा नुकताच झालेला, पहिलीच नोकरी. सकाळी मुकुंदवाडीहून शेअर रिक्षानं शेंद्र्यापर्यंत आणि तिथून खडी न्यायला आलेल्या रिकाम्या ट्रकमधून पुढं. शहर चारी बाजूंनी वाढत होतं. खडी कितीही काढली तरी कमीच पडायची.

आसपासच्या विहिरी आटल्या होत्या. आमच्या खदानीच्या तळाला झिरपून साठलेलं पाणी तेवढं टिकून होतं, त्यामुळं सगळी पाखरं आमच्याकडं. होले, तितर, कधी मोर. ड्रिल सुरू झालं की सगळे पळायचे आणि जेवणाच्या सुट्टीत मुकाट परत यायचे.

सुरुंग लावायचं काम एक मामा करायचे. साठीला आलेले, जवळच्याच गावचे. बार उडवायचा परवाना त्यांच्याकडं होता. त्यांनी हात वर केल्याशिवाय खदानीत कुणी पाऊल टाकत नसे. मला ते ताई म्हणायचे आणि माझ्या डब्यातलं लोणचं न विचारता घ्यायचे.

एके दिवशी पश्चिमेच्या भिंतीवर सुरुंगाच्या जागा ठरवायला गेले, तर खाली उंदरांची हाडं आणि केसांचे गोळे पडलेले. वर पाहिलं. दोन पुरुष उंचीवरच्या कपारीत कापसासारखी दोन पिलं बसली होती, डोळे नारिंगी. वरच्या कडेला त्यांची आई, डोक्यावर शिंगांसारखी पिसं.

"घुबड हाय," मामा हळूच म्हणाले. "गड्यांना सांगू नका. अपशकुन म्हणून दगड मारतील."

"मामा, याच्या घरट्याला हात लावायला कायद्यानं बंदी आहे."

"व्हय? मंग बरंच झालं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ड्रिल पार पूर्वेच्या टोकाला नेलं. तिथला दगड कमअस्सल, मुरूम मिसळलेला. आठवड्यात मालक जीप घेऊन हजर. चांगली भिंत सोडून इथं का खणताय?

"साहेब, तिकडचा दगड फुटका हाय. बार धरत नाय," मामांनी सरळ ठोकून दिलं.

मालकांनी माझ्याकडं पाहिलं. नोकरी जाईल असं वाटलं, पण दगडाबद्दल खोटं बोलायला जीभ वळेना. "दगड चांगला आहे साहेब. वर घुबडाची पिलं आहेत."

मालक स्वतः भिंतीपाशी गेले. बराच वेळ मान वर करून उभे. पिलू चोच वाजवत होतं, टक टक. "किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"पंख फुटंस्तवर," मामा म्हणाले.

"बार छोटे लावा," एवढं बोलून मालक जीपमध्ये बसले.

बार छोटे लावले, तरी एका दुपारी हादऱ्यानं एक पिलू खाली फोडलेल्या दगडांच्या डबरात पडलं. मामा धावले. डोक्याचा रुमाल सोडून त्यात पिलू गुंडाळलं, रुमालाचं टोक दातात धरलं आणि शिडी लावून चढले. आईनं झडप घालून खांद्याचा सदरा फाडला, खाली रक्त ठिबकलं. मी शिडी धरून ओरडत होते, "मामा, उतरा!" पिलू कपारीत ठेवूनच ते उतरले.

"लई तापट बाई हाय," ते हसत म्हणाले. मी बाटलीतलं पाणी ओतून त्यांची जखम धुतली.

उन्हाळा तापायच्या आत दोन्ही पिलं उडून पलीकडच्या बाभळीवर जाऊन बसली. मग ती भिंत आम्ही फोडली. दगड शहराच्या रस्त्यांत गेला. मला वाईट वाटलं, पण ते कामच होतं आमचं.

पुढच्या थंडीत घुबड परतलं. या खेपेला उत्तरेची कपार. आता गड्यांनाही माहीत झालं होतं. तिथून जाताना ते आवाज खाली आणायचे. मालक आले, की जीपमधून उतरता उतरता आधी विचारायचे, "बाई बसली का?" मामा मुद्दाम उत्तर द्यायला वेळ लावायचे आणि मालक तसेच ताटकळत उभे राहायचे.