मोडनिंबचं ग्लुकोज

सत्तरच्या दशकात सोलापुरात ग्लुकोजला जो मान होता, तो पुढे कुठल्याच पावडरीला मिळाला नाही. ते आजाऱ्याच्या उशाशी असायचं, सलाइनच्या बाटलीशी त्याचं नातं होतं, आणि डबा उघडताना माणसं आपोआप हळू बोलायची. आमच्या मिलच्या कामगार कल्याण अधिकाऱ्यांची त्यावर विशेष श्रद्धा होती. दर फेब्रुवारीत मिलची सायकल शर्यत व्हायची. सोलापूर ते मोडनिंब आणि परत, साधारण सव्वाशे किलोमीटर. मोडनिंबला वळताना प्रत्येक स्पर्धकाला साहेब स्वतःच्या हाताने ग्लुकोजचा पेला द्यायचे. त्यात चमचा जवळजवळ उभा राहायचा. मागे कापडी फलक, शेजारी फोटोग्राफर. मी टाइम ऑफिसात कारकून आणि शर्यतीच्या समितीचा चिटणीस होतो. दुसरं कुणी तयार नसल्यामुळे निवडणूक घ्यावी लागली नव्हती.

सायझिंग खात्यात, म्हणजे विणण्याआधी सुताला खळ लावतात तिथे, एक बदली कामगार होता. बदली कामगाराने रोज सकाळी फाटकाशी उभं राहायचं आणि कुणी कायम माणूस गैरहजर असला तर आत जायचं. तो चार वर्षं असा उभा राहत होता. घरी तेलुगू बोलायचा, फाटकाशी मराठी. साहेबांनी जाहीर केलं होतं, की शर्यतीत पहिल्या तिघांत येणाऱ्या बदली कामगाराला कायम करण्याची शिफारस ते करतील. आदल्या वर्षी मोडनिंबपर्यंत हा सगळ्यांच्या पुढे होता. तिथे त्याने साहेबांच्या हातचा पेला रिकामा केला, आणि मोहोळ यायच्या आत रस्त्याकडेच्या बाभळीला धरून ओकला. साहेब जीपमधून म्हणाले, "दम कमी पडला."

"दम न्हाय भाऊसाहेब, पोट," तो मला नंतर म्हणाला. "पेला घेतला तर पोट जातं. न्हाय घेतला तर साहेब जातो."

अडचण याहून नेमकी मला मांडता आली नसती.

पुढच्या जानेवारीत त्याने रविवारी सराव सुरू केला. मी एसटीने वाटेवरच्या लांबोटीला जाऊन चहाच्या टपरीवर वाचत बसायचो. तो मोडनिंबला जाऊन परत यायचा आणि पोटाचा अहवाल द्यायचा. पहिल्या रविवारी त्याने नुसतं पाणी नेलं. पोट शांत राहिलं, पण शेटफळच्या पुढे पाय दुसऱ्या कुणाचे तरी झाल्यासारखे वाटले. दुसऱ्या रविवारी आईने ज्वारीची आंबील दिली. ती उन्हात आणखी आंबली, बूच उडालं आणि तो आंबिलीने अंगभर पांढरा होऊन टपरीवर आला.

टपरीवाला म्हणाला, "पैलवान, घरीच गाळता व्हय?"

"आईनं दिलीय मामा."

"मग आईला सांग, एक बाटली हिकडं बी धाड."

तिसऱ्या रविवारी त्याने ग्लुकोजच आणलं, पण खात्यातल्या खळीसारखं अंदाज घेत पातळ केलेलं. खळ तयार झाली का हे तो दोन बोटांत घासून ओळखायचा. त्याने बाटलीतलं थोडं बोटावर घेतलं, घासलं आणि मला दाखवलं. मला ते पाणीच वाटलं.

"घट्ट खळ सुताच्या वरच बसती, आत जात न्हाय," तो म्हणाला. "पातळ आत मुरती. पोट काय, आतनं सूतच की."

वैद्यकशास्त्राला हे कितपत मान्य होईल याची मला शंका होती, पण साहेबांच्या सिद्धांताला तर एवढाही आधार नव्हता. शिवाय त्याची बाटली काचेची होती आणि तिला त्याने रंगीत सुताचे तीन दोरे बांधले होते. लांबोटीला पहिल्या दोऱ्यापर्यंत प्यायचं, मोहोळला दुसऱ्या, शेटफळला तिसऱ्या. तहान लागो न लागो. चवीला चिमूटभर मीठ. त्या रविवारी तो परत आला, दोन भजी खाल्ली आणि पोटाबद्दल काहीच बोलला नाही. अहवाल मिळाला असं मी समजलो.

राहिला साहेबांचा पेला. शर्यतीच्या सकाळी त्याने तशीच दुसरी बाटली माझ्याकडे दिली. तिच्यात मिठाचं पाणी होतं आणि वर एका पेल्यापुरती जागा. समितीच्या जीपमध्ये मी ती पायाशी धरून बसलो. चिटणीसाने एका स्पर्धकाला मदत करणं नियमात बसत नव्हतं. नियम मीच लिहिले होते, त्यामुळे याबद्दल गैरसमजाला वाव नव्हता.

मोडनिंबला तो दुसरा पोचला. पहिला आला त्याने पेला घटाघट संपवला आणि टाळ्या घेऊन गेला. याने पेला दोन्ही हातांनी घेतला, ओठाला लावला, फोटो होऊ दिला, आणि मी पुढे केलेल्या बाटलीत ओतायला सुरुवात केली.

"हे काय?" साहेब म्हणाले. "इथंच संपव."

"साहेब, तुमच्या हातचं एका घोटात संपवायचं व्हय? सोलापूरपातूर पुरवून पितो की."

साहेबांनी मान डोलावली. मग त्यांनी स्वतः बाटलीला बूच लावून दिलं. मी जीपकडे बघत राहिलो.

परतीच्या वाटेवर, शेटफळच्या अलीकडे, पहिला स्पर्धक पोट धरून बसलेला दिसला. मागच्यांपैकी आणखी दोघे तसेच बसले. आमचा माणूस दोऱ्यापर्यंत पीत, एका लयीत चालला होता. कोंडी गावाच्या पुढे दुसऱ्या खात्यातल्या एकाने त्याला मागे टाकलं. तो सोलापुरात दुसरा आला.

बक्षीस समारंभात साहेब पाऊण तास बोलले. हा विजय ग्लुकोजचा आहे, सबब पुढच्या वर्षी पेल्यात दुप्पट पावडर घालावी, असा ठराव त्यांनी मांडला आणि तो एकमताने झाला. बसलेल्या तिघांना बोलावलेलं नव्हतं.

महिन्याभराने तो कायम झाल्याच्या कागदावर सही करायला टाइम ऑफिसात आला. मी म्हणालो, "साहेबांना पातळ ग्लुकोजचं सांगायला हवं. पुढच्या वर्षी निम्मे ओकतील."

त्याने सही केली, शाई वाळेपर्यंत कागदाकडे पाहिलं.

"सांगा की. तुमी तर कधीपास्नं कायम हाय."

आणि सोमवारची पाळी कुठली ते विचारून तो खात्याकडे गेला. फाटकापाशी थांबला नाही.