दिवा आणि दोन मिनिटं

मसुऱ्यात माझं बॅटरीचं दुकान आहे. शेजारचे धोंडूकाका मुंबईच्या कौस्तुभचं बंद घर सांभाळतात. रोज संध्याकाळी ते तिथे देवापुढे दिवा लावायचे आणि मग अंगणातली गाडी दोन मिनिटं चालू करून बंद करायचे. दोन्ही सारख्याच भक्तीने.

गेल्या दिवाळीनंतर गाडी सुरूच होईना. काका बॅटरी रिक्षात घालून घेऊन आले. "गो शर्मिला, रोज चालू करतंय, तरी मेली कशी? पाणी घालूया काय?"

माझं डोकं सणकलं. सीलबंद बॅटरी ती, पाणी घालायला तिला तोंडच नाही! म्हटलं, "काका, सुरू होताना गाडी केवढी वीज खाता! दोन मिनिटांत ती परत भरतली काय? रोज थोडी थोडी रिकामी होत गेली."

काका ओशाळले. मी बॅटरी कमी करंटवर दिवसभर सावकाश चार्ज केली, तेव्हा वाचली.

तेव्हापासून काका फक्त दिवा लावतात. बॅटरीची वायर काढून ठेवलेली असते, आणि महिन्यातून एकदा ते तिला चार्जिंगला माझ्याकडे आणतात.

यंदा चतुर्थीला कौस्तुभ आला. मी त्याच्याकडे गणपतीच्या दर्शनाला गेले होते. काकांनी आदल्या दिवशीच बॅटरी जोडली होती, त्यामुळे चावी फिरवताच गाडी सुरू झाली.

"बघा काका," कौस्तुभ खुशीत म्हणाला, "वर्षभर कोणी हात लावला नाही, म्हणून कशी ठणठणीत राहिली!"

मी तोंड उघडणार, तोच काकांनी मला डोळ्यांनी गप्प केलं.

"खरां आसा रे," ते हसून म्हणाले आणि दिव्यात तेल घालायला आत गेले.